तांबोळी बाई प्रवाहात

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

दिवाळीची सुट्टी संपून आज शाळा उघडली. सव्वादहाला मी साडी नेसून, पर्स खांद्याला लावून दारात उभी होते. कुलूप हातात घेतल्यावर लक्षात आलं की ३१ ऑक्टोबरला आपण निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो, सगळं होऊन गेलंय. परत आत आले. साडी बदलली नाही, तशीच खुर्चीत बसले. बघता बघता चार वाजले.

तेहतीस वर्षं भूगोल शिकवला. ही वही शाळेनेच निरोपाला दिली. वर सोनेरी अक्षरांत 'नाजिमा मन्सूर तांबोळी' असं छापलंय. आत काय लिहायचं ते कोणी सांगितलं नाही, म्हणून जे होतं ते लिहिते.

मन्सूर दुपारी जेवायला घरी आले. मंडईजवळचं चष्म्याचं दुकान सोडून हा माणूस पंचवीस वर्षांत कधी दुपारी घरी आला नाही, डबाच जायचा. विचारलं तर म्हणाले, चालायला बरं वाटतं. गिऱ्हाईक कमी झालेलं दिसतंय.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. निवडणुकीची ड्युटी नसलेली माझी पहिली निवडणूक. मत देऊन अकराला घरी आले आणि परत झोपले. जेवले नाही, भूक नव्हती.

आलिमा आज घरूनच काम करत होती. हल्ली आठवड्यातले तीन दिवस ती घरूनच करते. हडपसरच्या त्या एवढ्या मोठ्या ऑफिसात माणसं नकोत का कोणाला? दर तासाला उठून माझ्या खोलीत डोकावते, चहा घेणार का विचारते. पोरीला करमत नाहीये. मे महिन्यात तिचं ठरलेलं लग्न मोडलं. मोडलं तिनेच, आणि तेव्हापासून गाणी गुणगुणत फिरते. पण आईला कळतं. आतून ती खचलेली आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज जेवताना आलिमाने विषय काढला. दोन वर्षांपूर्वी तिने समुद्राखाली जायचं शिक्षण घेतलं होतं, पाठीवर हवेचं सिलिंडर लावून. मी तेव्हा आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते. आता फेब्रुवारीत ती मालदीवला जाणार होती, तिच्या ऑफिसातल्या शेफालीबरोबर. शेफालीला सुट्टी मिळत नाही. दुसरी जागा रिकामी आहे.

"अम्मी, तू चल," ती म्हणाली.

मी म्हटलं, किनाऱ्यावर बसून तुझ्या चपला राखायला येते. ती म्हणाली, चपला नाही, पाण्यात. तीन महिने आहेत, पोहायला शीक, मग पुढचा कोर्स कर.

अठ्ठावन्न वर्षांची बाई मी. मला बादलीत डोकं घालता येत नाही.

"तेहतीस वर्षं तू समुद्राचे प्रवाह शिकवलेस," आलिमा म्हणाली. "उष्ण प्रवाह लाल बाण, थंड प्रवाह निळे बाण. त्यातल्या एकात तरी उभी राहिलीस का कधी?"

काशीदला घोट्यापर्यंत उभी राहिले होते, असं मी सांगितलं. मन्सूर हसले नाहीत. पानाकडे बघत एवढंच म्हणाले, "पाणी खोल असतं तिथे." त्यांचा विरोध आहे हे उघडच दिसलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी हो म्हणून टाकलं. पोरीला एकटीला पाठवायचं, तेही मन असं नाजूक असताना, ते मला जमणार नाही. तिच्यासाठी एवढं करायलाच हवं.

संध्याकाळी सात वाजता मन्सूर एक डबा घेऊन आले. पाण्याखाली घालायचा काचेचा मास्क, त्यात माझ्या नंबरची भिंगं बसवलेली. डावा उणे सहा, उजवा साडेपाच. माझा नंबर मुंबईहून यायला चार दिवस लागतात हे मी लग्नापासून ऐकतेय, आणि इथे दुपारी हो म्हटलं तर सातला भिंग हजर. मनावर घेतलं तर हा माणूस किती झटपट काम करू शकतो. घेत नाही, एवढंच.

२ डिसेंबर, सोमवार

सकाळी सात ते आठ, गरम पाण्याचा झाकलेला टँक. शिकवायला रंगनाथ काका, वय सत्तरीच्या आसपास, अंगावर टॉवेल, गळ्यात शिट्टी. पूर्ण बाह्यांचा, डोकं झाकणारा पोहण्याचा पोशाख घालून मी गेले. त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, त्याबद्दल आभारी आहे.

मी विचारलं, किती दिवसांत येईल?

"आधी पाण्यात या, मग मोजू," ते म्हणाले.

तासभर काठाचा दांडा धरून उभी होते. निघताना ते म्हणाले, "दांडा धरून पोहणारं माणूस माझ्या पाहण्यात नाही. उद्या एक हात सोडून बघा."

१४ डिसेंबर, शनिवार

तोंड पाण्यात घातलं. पूर्ण, कानांसकट. पाच सेकंद.

टँकसमोरच्या चहाच्या दुकानात मन्सूर बसलेले दिसले. या बाजूला काम होतं म्हणाले. या आठवड्यात तिसऱ्यांदा त्यांना या बाजूला काम निघालं.

२२ डिसेंबर, रविवार

शेफाली घरी आली होती. गोड मुलगी आहे. मी म्हटलं, तुझी सुट्टी नाकारली म्हणून मला संधी मिळाली, वाईट वाटतं तुझ्यासाठी. ती म्हणाली, "कुठली सुट्टी, काकू?" आलिमाला तेवढ्यात जोराचा ठसका लागला. मग शेफाली म्हणाली, हो हो, ती सुट्टी. आजकालच्या मुलांना स्वतःच्या सुट्ट्याही लक्षात राहत नाहीत. शाळेत अशी मुलं मी पहिल्या बाकावर बसवत असे.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

आज न थांबता आठ फेऱ्या. दोनशे मीटर. पुढच्या कोर्सला एवढंच लागतं.

शेवटच्या फेरीत दम संपला होता, पाय खाली टेकवायचा मोह होत होता. पण रंगनाथ काका काठाकाठाने माझ्याबरोबर चालत होते, पाठीमागे हात बांधून, माझ्याकडे न बघता. मी भिंतीला हात लावला तेव्हा म्हणाले, "बाई, पाण्याने तुमचं काही वाकडं केलेलं नाही असं दिसतं."

घरी येताना रिक्षावाल्यालाही सांगितलं. त्याने आरशातून बघितलं आणि केस अजून ओले आहेत म्हणाला.

१३ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांचा कागद लागतो. पट्ट्यावर पळवलं, छातीला वायरी लावल्या, कानात बॅटरी मारून बघितलं. रक्तदाब गोळीने ताब्यात आहे. सही करताना डॉक्टर म्हणाले, ऑक्टोबरात तुम्ही आलात तेव्हा या खुर्चीत बसलेली बाई वेगळी होती. मला तर तीच वाटते. वजन चार किलोने कमी झालंय, त्यामुळे असेल.

१८ जानेवारी, शनिवार

खोल टँक, पाठीवर सिलिंडर. शिकवणारा बुद्धभूषण, वय तेहतीस. मी नोकरीला लागले त्या वर्षी जन्मलेला मुलगा, पण पाण्यात सर तोच. कमी बोलतो. मालदीवलाही आम्हाला तोच घेऊन जाणार आहे, एकूण सहाजणांना.

तळाशी गुडघ्यांवर बसायचं, मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचं आणि नाकाने जोरात फुंकून ते बाहेर काढायचं. ऐकायला सोपं आहे. नाकात पाणी गेलं आणि मला काही सुचलं नाही. तळाला लाथ मारून मी थेट वर आले. हे कधीही करायचं नाही, हा पहिला नियम होता.

काठावर खोकत बसले. बुद्धभूषण शेजारी येऊन बसला. म्हणाला, "मॅडम, मी तुम्हाला फसवणार नाही. हे इथे जमलं नाही तर मी तुम्हाला समुद्रात नेणार नाही. अठरा मीटरवरून असं वर आलात तर फुप्फुसं फाटतात. आठ दिवस आहेत."

बरोबर बोलला. मी असाच बोलले असते. तरी परतताना रिक्षात रडले.

२१ जानेवारी, मंगळवार

बाथरूममध्ये सराव. मास्क लावून स्टुलावर बसते, तोंडाने श्वास घेते आणि मन्सूर वरून मगाने पाणी ओततात. मास्कची कड उचलून पाणी आत घ्यायचं आणि फुंकायचं. आज चाळीस मग झाले. प्रत्येक मग ओतताना ते स्वतःच श्वास रोखून धरतात. शेवटी त्यांनाच धाप लागली. मी म्हटलं, तुम्हाला जमत नसेल तर आलिमाला बोलावते. नको म्हणाले.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी शाळेत झेंडावंदनाला गेले, दुपारी टँकवर. तळाशी बसले, मास्क पूर्ण काढला, हातात धरला, तीसपर्यंत आकडे मोजले, परत लावला, फुंकला. आत पाणी नाही. समोर बुद्धभूषण, अगदी स्वच्छ दिसला. त्याने टाळ्या वाजवल्या. पाण्याखाली टाळी ऐकू येत नाही, हे आज कळलं.

त्याने विचारलं, कसं जमवलं? मी म्हटलं, तीनशेवीस मग.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माले. विमानातून खाली पाहिलं आणि हातातला पेला सांडला. कंकणद्वीपं. फळ्यावर मी खडूने शेकडो वेळा काढली असतील: गोल प्रवाळाची कड, मधे शांत पाणी, बाहेर खोल समुद्र. खडूला तो रंग नसतो. मी खिडकीपासून मागे सरून शेजारच्या माणसालाही बघायला लावलं. तो मालेचाच होता, तरी बघितलं बिचाऱ्याने.

पुण्याच्या विमानतळावर मन्सूर आत येता येईल तिथपर्यंत आले. काही बोलले नाहीत. माझ्या बॅगेची चेन तीनदा तपासली. अजून राग गेलेला नाही त्यांचा.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवसांत कंकणाच्या आतल्या उथळ पाण्यात चार डुबक्या आणि परीक्षा. पास. मला लायसन्स मिळालं. आलिमाने त्याचा फोटो काढून अब्बांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "फोटो नीट आलाय." बस.

पाणी कोमट आहे, आपल्या आंघोळीच्या पाण्यापेक्षा जरा कमी. आत प्रवाह नाही. खरी मजा उद्या, असं सगळे म्हणतात. आता पुढचे चार दिवस आलिमा आणि मी जोडीदार. पाण्यात जोडीदाराला सोडायचं नाही, एवढा एकच कायदा.

१० फेब्रुवारी, सोमवार

आजचं लिहायला लाज वाटते, तरी लिहिते.

कंकणाच्या कडेला मधे मधे खिंडी असतात. या दिवसांत ईशान्येचा वारा समुद्राला पश्चिमेकडे ढकलत असतो. त्यात भरतीची वेळ साधली की बाहेरचं स्वच्छ पाणी पूर्वेच्या खिंडीतून नदीसारखं आत शिरतं. त्यात स्वतःला सोडून द्यायचं, पाण्याबरोबर वाहायचं, आणि होडी वरून बुडबुडे बघत मागे येते. पोहायचं नाही. हे सगळं मी होडीत सगळ्यांना समजावून सांगितलं, बोटाने फळीवर पाण्याचा नकाशा काढून. स्थानिक गाईडसुद्धा ऐकत होता. बुद्धभूषण म्हणाला, मॅडम, आज ब्रीफिंग तुम्हीच केलंत. मी फुलून गेले.

आणि खाली गेले. बारा मीटरवर प्रवाहाने मला पकडलं. पुस्तकातला प्रवाह बाण असतो, कागदावर बसून राहतो. हा माझ्या पाठीवर हात ठेवून ढकलत होता. समोर मेलेल्या प्रवाळाचा एक उघडा खडक होता. मी दोन्ही हातांनी तो धरला आणि सोडला नाही. आलिमाने खूण केली, बुद्धभूषणने खूण केली. माझी बोटं ऐकेनात. बाकीचे वाहत पुढे गेले. दोन मिनिटं बुद्धभूषण माझ्यासमोर नुसता थांबला, मग मला धरून हळूहळू वर घेऊन आला. आलिमाची डुबकीही माझ्यामुळे गेली.

दोन्ही तळहात सोललेत.  आलिमा म्हणाली, उद्या आपण दोघी किनाऱ्यावर बसू, चालेल. मी नाही म्हटलं.

संध्याकाळी बुद्धभूषण आला, हातांना औषध लावून गेला. जाताना म्हणाला, "तुम्ही प्रवाहाशी भांडताय. त्याला हरवता येत नाही मॅडम, मलाही नाही. आणि त्याला तुमच्याशी काही भांडण नाहीये."

११ फेब्रुवारी, मंगळवार

सोडलं.

एवढंच लिहून वही मिटणार होते, पण थोडं लिहितेच. खाली गेले, पाठीवर तोच हात. पोटातून आवाज आला, धर काहीतरी. मी दोन्ही हात छातीशी घट्ट बांधले आणि श्वास सोडला. आणि मग काहीच करावं लागलं नाही. मी स्थिर होते आणि समुद्राची भिंतच माझ्या समोरून चालली होती, जांभळे पंखे, पोपटमाशांचे थवे, खडकाखाली झोपलेली एक मुशी, म्हणजे छोटा शार्कच. एक कासव आलं, माझ्या वेगाने थोडा वेळ शेजारून चाललं, मग त्याला कंटाळा आला. बत्तीस मिनिटं.

वर आल्यावर बुद्धभूषण सिलिंडरचा काटा बघून म्हणाला, तुमची हवा सगळ्यांत जास्त शिल्लक आहे. तुम्ही काहीच करत नव्हतात.

आयुष्यात पहिल्यांदा काही न केल्याबद्दल शाबासकी मिळाली.

१२ फेब्रुवारी, बुधवार



आज मोठी खिंड. सोळा मीटरवर आम्ही कडेला पोचलो. बाहेर खोल निळ्यात एक मोठा पाकट मासा आला, पाठीवर पांढरे ठिपके, पंख हलवत, प्रवाहाच्या विरुद्ध जणू उभाच. आलिमा त्याच्याकडे निघाली, उलट्या दिशेने, जोरजोरात पाय मारत. मी तिच्या मागे निघाले. चार-पाच हातच पुढे गेली असेल. पाकट गेला. ती मात्र पाय मारतच राहिली, आणि तिच्या तोंडातून बुडबुड्यांचा नुसता पूर यायला लागला.

मग ती वळली. मास्कमध्ये तिचे डोळे मी पाहिले. सहा महिन्यांची असताना तिला ताप चढून झटके आले होते, तेव्हाचे डोळे. तिने गळ्यावरून आडवा हात फिरवला: हवा नाही. आणि वर बघितलं. पुढच्या क्षणी ती वर जाणार हे मला कळलं. सोळा मीटरवरून, दम कोंडलेला, एका लाथेत.

मी तिच्या जाकिटाचा पट्टा धरला. तिने मला कोपर मारलं. मी सोडलं नाही. माझ्याकडची जादाची पिवळी नळी काढून तिच्या तोंडात दिली, आणि तिने ती घेतली. नंतर कळलं की तिच्या सिलिंडरमध्ये हवा होती. एवढी धाप लागली होती की तिला ती पुरत नव्हती. पण ते तेव्हा कोणाला माहीत?

मग मी तिचे दोन्ही खांदे धरून तिला माझ्यासमोर आणलं आणि हात वर करून सावकाश खाली आणला. वर्गात गोंगाट झाला की मी असाच हात खाली आणते, न बोलता. पन्नास पोरं गप्प होतात. एकदा, दोनदा, पाचदा. सातव्या वेळेला तिचे बुडबुडे माझ्या हाताबरोबर यायला लागले.

आम्ही दोघी वाहत होतो, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. प्रवाह आम्हाला आत घेऊन चालला होता आणि मला त्याची अजिबात भीती वाटली नाही. उलट, बरं झालं तो आहे, असं वाटलं. आम्हाला पोहावं लागत नव्हतं. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. मी मनात एकशेऐंशी आकडे मोजले, तिच्या डोळ्यांत बघत. बुद्धभूषणने शेजारून नारिंगी फुगा वर सोडला. तो इतका जवळ आहे हे मला तेव्हा दिसलं. होडी फुग्यापाशीच आली.

होडीत आलिमा टॉवेलमध्ये गुंडाळून बसली आणि खूप रडली. मला वाटलं मी गेले, म्हणाली. मी तिचे केस पुसत राहिले.

बुद्धभूषणला मी रागावले. इतका जवळ होतास तर पुढे का नाही आलास? तो म्हणाला, "आलो होतो. तुमचा तो हात पाहिला आणि थांबलो. मध्ये पडलो असतो तर बिघडवलं असतं." मग पहिल्यांदाच त्याने मला बाई म्हटलं. "बाई, दहा वर्षांत मी असं चांगल्या चांगल्यांना जमलेलं पाहिलं नाही."

संध्याकाळी मन्सूरना फोन केला. लपवायचं नाही असं ठरवून सगळं सांगितलं.  मग ते म्हणाले, "तुला खाली नीट दिसतंय ना?" मी म्हटलं, अगदी स्पष्ट दिसतंय. "बास तर," म्हणाले. आवाज घोगरा होता. पुण्यात थंडी असेल अजून.

जेवताना आलिमा म्हणाली, "मी तुला इथे आणलं अम्मी. तुला काही झालं असतं तर?"

मी म्हटलं, वेडे, तू कुठे मला आणलंस? मीच तुझ्यासाठी आले.

तिने माझ्याकडे बघितलं. मग हसली, दिवसभरात पहिल्यांदा. म्हणाली, "हो. खरंय."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शनिवारचं विमान आहे आणि त्याआधी पूर्ण एक दिवस पाण्याबाहेर राहायचं असतं, म्हणजे आजचा दिवस शेवटचा. दोन डुबक्या, सकाळी एक, दुपारी एक.

सकाळी आलिमा म्हणाली, मी येत नाही. होडीत बसते, तू जा.

मी सूट हातात घेऊन उभी राहिले. मी आले होते तिच्यासाठी. ती येणार नाही म्हटल्यावर मला जायचं कारण उरत नव्हतं. सूट खाली ठेवायला हवा होता. मी तो चढवला. हे लिहिताना थोडं चोरट्यासारखं वाटतंय, पण खरं तेच लिहायचं तर, मला जायचं होतं. मला, नाजिमाला, कोणासाठी नाही.

बुद्धभूषण जोडीदार. होडीच्या काठावरून सगळ्यांच्या आधी मी उडी मारली.

आज पाणी इतकं स्वच्छ होतं की खिंडीचा तळ आणि पृष्ठभाग दोन्ही एकदम दिसत होते. प्रवाह जोरात होता. मी हात बांधले नाहीत. उघडे ठेवले, दोन्ही बाजूंना. खिंडीच्या तोंडाशी पाकट होते. एक नाही, मी अकरा मोजले. वरच्या उजेडात एकामागे एक, रांगेत, प्रार्थनेच्या सफीसारखे. आम्ही त्यांच्या खालून वाहत गेलो. त्यांची पोटं पांढरी शुभ्र होती आणि सावल्या माझ्यावरून सरकत होत्या. मी नळीतच काहीतरी ओरडले. काय, ते आठवत नाही. बुद्धभूषण म्हणतो, आवाज वरपर्यंत आला असेल.

मग प्रवाळाची बाग, मग एकदम शांत उथळ पाणी, जसं फळ्यावर काढायचे तसंच: बाहेर समुद्र, मध्ये खिंड, आत तळं. पण मी आता त्या चित्राच्या आतून येत होते. तेहतीस वर्षांत किती मुलांना मी हे बाहेरून शिकवलं. चुकीचं शिकवलं नाही. अपुरं शिकवलं. परत गेल्यावर बुद्धभूषण दर सहलीआधी आपल्या लोकांसाठी माझा एक तास ठेवणार आहे, भरती, वारे आणि प्रवाह. मी लगेच हो म्हटलं.

होडीत चढले तेव्हा आलिमा काठाशी येऊन बसली होती. गुडघे पोटाशी, ओठ सुकलेले.

"काय होतं खाली?" तिने विचारलं.

बोलायचा तर माझा धंदाच. शब्द शोधले, एकही धड सापडेना. शेवटी म्हटलं, "सांगता येणार नाही. दुपारी चल, दाखवते."

ती म्हणाली, कालच्यासारखं झालं तर?

"तर काल जे केलं ते परत करू," मी म्हटलं. "त्यात काय."

तिने समुद्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. जेवण झाल्यावर उठली आणि सूट चढवायला लागली. तिच्या जाकिटाचे पट्टे मी तपासले, माझे तिने तपासले. तिच्या काट्यावरचा आकडा मी तिच्याकडून दोनदा मोठ्याने वदवून घेतला. गाईड हसत होता.

उडी आम्ही एकदमच मारली. तिने माझा हात इतका आवळून धरला होता की जुन्या जखमा ठणकल्या. सहा मीटर, आठ मीटर. प्रवाह आला. तिचे बुडबुडे दाट झाले. मी मोकळा हात सावकाश खाली आणला. ती बघत राहिली. श्वास लांबला. बारा मीटरवर तिने माझा हात सोडला, स्वतःहून, एकेक बोट करून. मग आम्ही दोघी शेजारी शेजारी वाहत गेलो, ती डावीकडे, मी उजवीकडे. पाकट दुपारी नव्हते. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. आलिमाने उलटी होऊन वरच्या उजेडाकडे बघितलं आणि तशीच पाठीवर वाहत राहिली, लहानपणी गच्चीवर गादी टाकून पडायची तशी. छत्तीस मिनिटं. एकदाही तिने वेगाने पाय मारला नाही.

वर आलो तेव्हा होडी लांब होती. लांबून बोलता येत नाही, तेव्हा सगळं ठीक आहे हे सांगायला हात वर्तुळासारखा वाकवून डोक्यावर ठेवायचा असतो. आपल्याकडे डोक्यावर हात ठेवला की लोक विचारतात, काय झालं, कोण गेलं. इथे त्याचा अर्थ सगळं उत्तम. गाईडने होडीच्या टोकावर उभं राहून खुणेने विचारलं. आम्ही दोघींनी न ठरवता एकदमच डोक्यावर हात ठेवले. लाटांवर वर-खाली होत, होडी अगदी जवळ येऊन इंजिन बंद होईपर्यंत आम्ही तसेच ठेवले, आणि आलिमा इतकी हसत होती की तिच्या तोंडात दोनदा पाणी गेलं.